दोडक्याचं पथ्य

प्रिय आये,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतेच आहे मी. पण आज कागद घेऊन बसले, कारण मनातल्या मनात काही उलगडेना. रविवारी दादा पुण्याहून गाडी घेऊन येतोय. तात्यांना तो कायमचं घेऊन जाणार, आणि तुझ्या दोडक्याला वस्तीवर कुणाच्या तरी दारात सोडणार. फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही म्हणे. हे आम्हा भावंडांचं ठरलं होतं, त्यात मीच पुढं! आणि आज दुपारपासून माझं डोकं असं फिरलंय की आपण करतोय ते बरं की वाईट, कळेनासं झालंय.

झालं असं, की तात्या जाण्याआधी त्यांना एकदा तपासून घ्यावं म्हणून आज बारामतीहून घरी वरकुट्याला गेले आणि तात्यांना इंदापूरला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. मग म्हणाले, "तात्या, बीपी झकास आलंय की! काय करता काय हल्ली?"

"कुत्र्याचं करतो," तात्या म्हणाले.

आये, मी खुर्चीत बसलेली होते म्हणून बरं.

हसलीस का ग? हस बाई. पण मग मला सांग, इतकी वर्षं तू त्यांच्यासाठी जिवाचं रान केलंस, ते कुठं गेलं?

अळणी कालवणावरनं ताट सरकवून उठायचे ना ते! डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि घरात रोजचं महाभारत सुरू झालं. तू लोणच्याची बरणी लपवायचीस, ते शोधून काढायचे. पापड तर चुलतीकडं जाऊन खाऊन यायचे आणि वर मिशा पुसत घरात! मग तू कावून ओरडायचीस, "मी मेल्यावर खावा काय खायचं त्ये मीठ! तवर माझ्या हातचं अळणीच मिळंल."

पथ्य त्यांचं, धोका त्यांच्या जिवाला, आणि गेलीस तू! गेल्या वर्षी, कुणाला काही कळायच्या आत. ही काय रीत झाली? तुझ्या दंडाला तो पट्टा कधी कुणी बांधलाच नाही.

आणि ह्या दोडक्यावरनं किती बोलणी खाल्लीस! इंदापूरच्या बाजारात दोडके विकायला गेलीस आणि रिकाम्या क्रेटमध्ये हे पिल्लू घालून आलीस. तात्या दारातच उभे. "त्येला उंबऱ्याच्या आत घेतलंस तर मी भाईर निघंन!"

"निघा की," तू म्हणालीस. "तेवढंच तुमचं चालणं व्हईल."

आता ऐक. दोडक्या उंबऱ्याच्या आत आहे. आत म्हणजे कुठं? तात्यांच्या बाजेखाली!

तू गेल्यावर चुलतीकडनं डबा यायचा. तात्या दोन घास खायचे आणि उरलेलं दोडक्याला टाकायचे. मी फोनवर विचारलं की "जेवलो", एवढंच. मग दोडक्याचे केस गळायला लागले, पाठीवर चट्टे उठले. गाय बघायला आलेले गुरांचे डॉक्टर म्हणाले, ह्याचं मीठ, तिखट, तेल बंद करा. साधी भाकरी आणि अळणी वरण द्या. डब्यात कुठलं आलंय अळणी? मग तात्यांनीच शेगडी पेटवली. आये, ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो भाकरी थापायला बसला! फाटली ती दोडक्याला, बरी निघाली ती स्वतःला. आणि दोन-दोन पातेली कोण चढवणार, म्हणून वरणही त्याच्यातलंच खायला लागले.

चालण्याचं तर आणखीनच वेगळं. दोडक्या सकाळी उठून तुझ्या दोडक्याच्या वेलांच्या मांडवाखाली जाऊन बसतो. तू तोडणी झाल्यावर बसायचीस ना, तिथंच. हाका मारा, भाकरी दाखवा, हलत नाही. कुणीतरी जाऊन आणावं लागतं. मग तात्या गुडघा चोळत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, कालव्याच्या कडेनं तिथवर जातात. थोडा वेळ बसतात. आणि दोघंही बोलत-बोलत परत येतात. म्हणजे बोलतात तात्या एकटेच! आडत्यानं भाव पाडला, मोटार चालली नाही, सगळं त्याला सांगतात.

डॉक्टर म्हणाले, कुत्रं असलं की असंच होतं. माणूस चालतं, बोलतं, वेळेवर जेवतं, काळजाला बरं असतं ते. त्यांनी एक गोळी निम्मी केली. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला! तुझ्या वतीनं राग आला. बायको घसा फोडून सांगत होती तेव्हा ऐकलं नाही, आणि मुक्या जनावरापायी सगळं सुटलं? आणि त्याच वेळी हेही वाटलं, की त्याच जनावरापासून आपण ह्यांना रविवारी तोडणार आहोत. डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं ते मलाच कळलं नाही.

घरी आलो. तात्यांनी मला वाढलं, दोडक्याला वाढलं, मग स्वतःला. पहिला घास तोंडात घातला आणि मला काही जाईना. किती ग अळणी! मी म्हटलं, "तात्या, मीठ?"

त्यांनी हनुवटीनं फळी दाखवली. तुझी चिनी मातीची बरणी. काढून बघते तर मिठाचा दगड झालेला, चमचा जाईना. कितीतरी महिने कुणी हात लावलेला नाही.

मग मात्र माझा तोल गेला. बरणी त्यांच्यापुढं आदळली आणि म्हटलं, "कुत्र्याला चालत नाही ते ठीक. तुमच्या ताटात घ्यायला काय झालं होतं? आता तर कुणी ओरडायलाही नाही! आई होती तेव्हा का नाही केलं हे? तिला एवढंही सुख दिलं नाहीत!"

तात्या भाकरी कुस्करत राहिले. दोडक्यानं खायचं थांबवून त्यांच्याकडं पाहिलं. मग खाली मान घालूनच म्हणाले, "ती म्हणायची न्हवं, मी मेल्यावर खावा मीठ?"

"हो. मग?"

"मंग आता खाल्लं तर ती गेली असं व्हईल की, शैले."

आणि दोडक्याकडं वळून खेकसले, "तू काय बघतुस रं? खा की गप!"

आये, तूच सांग. हे कुत्र्याचं पथ्य की तुझं? दोडक्या नसता तर त्यांनी शेगडी पेटवली असती का? की तूच मागं ठेवून गेलीस त्याला, जाता जाता? आणि एवढा जीव होता माणसाचा तुझ्यावर, तर तुझ्यासमोर एकदा तरी नीट जेवायचं होतं ना! तुला दिसायला नको होतं का ते? मला काहीच कळत नाही ग. राग जात नाही आणि रागावताही येत नाही.

दादाला फोन केला, येऊ नको म्हटलं. तो चिडला, "कुत्र्यासाठी तात्यांना एकटं ठेवायचं?" मी म्हटलं, "एकटं कुठं?" तो येणार आहेच. येऊ दे. त्यालाही त्याच पातेल्यातलं वाढते.

उद्या दोडक्या म्हातारा होईल, काय होईल ते होईल, तेव्हाचं मला आत्ता सुचत नाही. पण एवढा शब्द देते. दोघांना मी तुझ्या मांडवापासून हलवू देणार नाही. दर रविवारी जाईन, तात्या वाढतील ते खाईन. आणि बरणी फळीवर होती तिथं परत ठेवली आहे, आये. तिच्यातलं मीठ मी मागणार नाही.

तुझी,
शैली