मुकीच्या शेजारी

३ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

सगळ्या गुरांचं रक्त तुझ्या बाटल्यांत भरून पाठवतोय. गोठ्यातला ताप काही हटत नाही. आणखी दोन गायी गाभडल्या. एकट्या मुकीला काही नाही. तिची आई मेल्यावर मी बाटलीने वाढवलेली ती कालवड, कधी हंबरत नाही म्हणून मुकी. अंगावर तुकतुकी अशी, की दृष्ट लागावी. जी गाय आजारी पडेल तिच्या शेजारी मी हिला बांधतो. तडफडणारी गायसुद्धा गप्प होते. आहे का असलं औषध तुझ्या प्रयोगशाळेत? हसतेयस ते इथे कळतंय मला.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

हसले नाही रे. तपासणी पुन्हा करून पाहिली.

विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडतात. शेजारच्या पेशींना ती हाकच असते, आणि त्या हाकेने पांढऱ्या पेशी लढायला उठतात. तुझ्या आजारी गायींच्या रक्तात नुसता हलकल्लोळ आहे. मुकीच्या रक्तात विषाणू सगळ्यांत जास्त, आणि हाक एकही नाही. मी वरून इंटरफेरॉन घातलं तर पेशी जाग्या झाल्या, म्हणजे बहिऱ्या नाहीत. ती आईच्या पोटात, कोवळ्या गाभात असतानाच विषाणू आत आला असणार. तिच्या लेखी तो परका नाही, घरचाच आहे. ती शांतता बघता बघता मी दोनदा मागे वळून पाहिलं.

तू लाडाने जिच्याजवळ तिला बांधलंस, तिचा आजार त्यानेच वाढला. कोवळ्या गाभाच्या गायीजवळ तर चुकूनही नको. ती बरी होणार नाही, बाळा. आजच वेगळी कर आणि डॉक्टरांना बोलव. मला शिव्या दे, पण ऐक.

माया तशीच ठेव.
ताई

२९ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न.

इतके महिने राग धरून होतो, पण तुझं ऐकलं होतं. डॉक्टर शेवटची सुई देत होते तेव्हा मुकी माझा हात चाटत होती. नंतर गोठा सावरला.

पण तुझं पत्र आलं त्या दिवशी मुकी चांदीशेजारी बांधलेली होती, आणि चांदी तीन महिन्यांची गाभण. तिला जरासा ताप येऊन उतरला. सुटलो, असं वाटलं.

काल चांदी व्याली. कालवड झाली, देखणी. उभी राहिली, दूध प्याली. मग बाकीच्या गायी चारा सोडून एकेक करून तिच्याभोवती आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. बायको म्हणते, किती गुणी आहे. मला भीती वाटते, ताई.

रक्त घ्यायला तूच ये. मी तिला अजून हात लावलेला नाही, आणि तिचं नावही ठेवलेलं नाही.

लवकर निघ, एवढाच लोभ कर.
धाकटा