उजवा हात सोडून

दि. ९ ऑगस्ट

चि. भिंगरी हिला आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि किटलीचं चित्र पोचलं. तुझ्या चित्रकलेच्या सरांनी त्यावर 'उत्कृष्ट' असं लिहिलंय, लिहू देत बापडे. मला विचारशील तर जमलेलं नाही. लहानपणापासून तुझ्या हाताला हे खूळच आहे, जे नीट काढशील ते घरातून जातं. किटलीची नुसती तोटी गेलीय. पोट, झाकण, कडी सगळं जागच्या जागी. म्हणजे तोटी तेवढी मन लावून काढलीस आणि बाकीचं उरकलंस. तुझे बाबा किटलीत वाटी बुडवून चहा काढतात आणि तुझ्या नावाने बोटं मोडतात. चित्रातली तोटी खोड, म्हणजे आमची परत येईल.

इकडे शिलाईची कामं भरपूर आहेत. मशीनचं पायडल मारून मारून उजवा गुडघा सुजलाय, भोपळा झालाय नुसता. डॉक्टर बसून राहायला सांगतात. बसूनच तर सुजलाय, हे त्यांना कोण सांगणार!

लोभ ठेवशील तो पुरता ठेव, किटलीसारखा अर्धामुर्धा नको.

तुझी आई

दि. २० फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तोटी तेव्हाच खोडली, मिळाली असेलच. आता दुसरं सत्र, त्यामुळे आम्हाला वस्तू आहे तशी काढायला बंदी आहे. सर म्हणतात, वस्तूचा आत्मा पकडा. म्हणून मी आपली बाहेरची खोली नुसत्या त्रिकोणांत काढलीय. वर्गाच्या प्रदर्शनात सगळे वा वा म्हणाले, पण इथे मी ब्रश पुसलेल्या फडक्यालाही वा वा म्हणतात. घरातून काही गेलं का ते खरं खरं कळव. तुझ्याशिवाय मला खरं कोणी सांगत नाही गं.

बाबांना नमस्कार. रागवायचं तर रागाव, पण लवकर रागाव.

तुझी भिंगरी

दि. ३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वस्तू एकही गेली नाही. कोपरे गेले. टेबल गोल, कपाट गोल, पेपरसुद्धा गोल येतो आणि बातम्या कडेला अर्धवट तुटतात. बाबांची मांडी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटायची थांबली, त्यामुळे ते या प्रयोगावर खूश आहेत. शेजारीण विचारत होती, गोल कपाट कुठल्या दुकानातून आणलं. आत्मा वगैरे कुठून गेलेला दिसला नाही, मी पलंगाखालीही पाहून घेतलं. प्रयोग म्हणून ठीक. कोपरे परत पाठव, चादरींची घडी करता येत नाही.

जेवणाकडे लक्ष दे. माया आहे हे वेगळं लिहीत नाही.

आई

दि. ११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक अनेक आशीर्वाद.

अगं, काल बाबा आरामखुर्चीत वाचत बसले होते आणि धाडकन खाली आपटले. खुर्ची गेली! अख्खी! पाय, हात, गादी, गादीवरचा तेलाचा डागसुद्धा! ते कमरेला हात लावून ओरडत होते आणि मी, खरं सांगते, टाळ्या वाजवत होते. जमलं गं पोरी. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

आता कौतुक झालं, खुर्ची पुसून टाक. बाबा बादली उलटी घालून बसतायत.

तुझी आई

दि. ६ जानेवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

खुर्ची येणार नाही. ते चित्र प्रदर्शनात एका दातांच्या डॉक्टरांनी विकत घेतलं आणि ते मला त्याला हात लावू देत नाहीत. विकलेलं चित्र पुसता येत नाही, म्हणजे गेलेलं गेलंच. माझ्या वतीने बाबांची माफी माग.

पण आता खरं संकट पुढेच आहे. शेवटच्या परीक्षेला ओळखीतल्या माणसाचं पूर्ण आकाराचं चित्र काढायचं आहे. ते तीन आठवडे मोठ्या हॉलमध्ये लागणार, आणि मोठ्या गॅलरीच्या मालकीणबाई आमच्यातल्या एकाला त्यांच्याकडच्या प्रदर्शनासाठी निवडणार. मी इथल्या पहारेकऱ्याचं काढून पाहिलं, दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत कामावर हजर. घरमालकिणीचं काढलं, तिच्या फक्त कपाळावरच्या आठ्या गेल्या. आता ती दिवसभर माझ्याकडे बघून हसते, मला झोप लागत नाही.

जमेल ते एकच माणूस आहे, तू. आणि म्हणूनच मी काढणार नाही. नापास झाले तरी चालेल. मला भीती जमणार नाही याची नाही, जमेल याची आहे.

तुझीच भिंगरी

दि. १४ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद आणि एक धपाटा.

नापास व्हायला तुला एवढ्या लांब पाठवलं का? मला काढ. तुमच्या हॉलला चाळीस पायऱ्या आहेत म्हणतेस, या गुडघ्याने मी तिथे कधी येणार होते? अशी तरी येईन. तीन आठवडे मशीन बंद राहिलं तर जग काही उघडं फिरणार नाही. मग पुसून टाक, की मी घरी.

मात्र काढशील ती सगळी काढ. नुसतं नाक गेलं तर गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू? करडा झगा काढ, ओठांत टाचण्या काढ, डोळ्याखालचा तीळ विसरू नकोस. गुडघा सुजलाय तो सुजलेलाच काढ, उगाच लाजू नकोस.

हे सांगणं नाही, हुकूम आहे.

आई

दि. २ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझी आई चार दिवसांपूर्वी सकाळी काज करता करता गेली. उजवा हात तेवढा आहे. काज पूर्ण करूनच तो थांबला. मी भाताला ठेवलं तर त्याने मिठाचा डबा दाखवला, मी पुन्हा मीठ घालायला गेलो तर मनगटावर चापट मारली. शिस्त आहे तशीच आहे, पण घर फार रिकामं वाटतं बाळ. बादलीवर बसून मी त्या हाताला पेपर वाचून दाखवतो.

हाताजवळ कागद ठेवला होता. त्याने जे लिहिलं ते सोबत पाठवतो.

तुझे बाबा

(सोबत)

चि. भिंगरी, आशीर्वाद.

ओळी वाकड्या येतील. लिहिणारा हात इथे घरी आणि बघणारे डोळे तिथे, तुमच्या भिंतीवर. एक गृहस्थ म्हणाले, या स्त्रीच्या नजरेत युगायुगांची वेदना आहे. मी त्यांच्या कोटाचं अस्तर बघत होते, उलटं लावलंय कुणीतरी.

परीक्षकांनी उजवा हात का नाही म्हणून विचारलं, तेव्हा श्रमाच्या अपूर्णतेबद्दल तू त्यांना चक्क थाप मारलीस. पत्रं यावीत म्हणून ठेवलास, मला कळत नाही का? मग खांबामागे जाऊन रडलीस. खांबामागचं मला दिसतं. वाळली आहेस. कोटाचं वरचं बटण कुठे पाडलंस?

तर जमलंय. मी गेलेय म्हणजे जमलंच, यापेक्षा मोठी शाबासकी माझ्याकडे नाही. त्या मालकीणबाई रोज येऊन माझ्यासमोर उभ्या राहतात. त्या विकत घेणार. काय करायचं ते तूच ठरव.

भिंतीवरून पाहणारी,
तुझी आई

दि. १२ एप्रिल

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

बाईंनी विचारलं. हे चित्र दिलं तर त्या माझं स्वतंत्र प्रदर्शन भरवतील. तासभर माझं मन डळमळलं, तुझ्यापासून काय लपवू? वाटलं, तुला तिथे छान उजेड आहे, कौतुक आहे. मग तुझ्यासमोर उभी राहिले आणि तुझी मान एवढीशी हलेना, रागवायलासुद्धा. मला चित्र नको आई, तू हवीस. एकवीस तारखेला परीक्षेचे गुण लागायचे आहेत, पण मी वीस तारखेला, सगळे गेल्यावर, तुला पुसणार. रिकामा कॅनव्हास राहील. राहू दे.

तुझी वेडी भिंगरी

दि. १६ एप्रिल

चि. भिंगरी, आशीर्वाद.

घाईत लिहिते. पुसशील तेव्हा सगळं पूस, गुडघ्याची सूज तेवढी ठेव.

आई

दि. २२ एप्रिल

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

वरपासून खालपर्यंत पुसलं. पांढऱ्या कॅनव्हासवर खाली एक लालसर सूज तेवढी ठेवली. सकाळी परीक्षक धावत आले. मला वाटलं, आता मला परीक्षेतून काढून टाकतात. मग एकाने स्वतःचा गुडघा चोळला. मी पास आहे, आई! आणि बाईंनी तो कॅनव्हास तिथल्या तिथे विकत घेतला.

विकलेलं चित्र पुसता येत नाही. गुडघ्याचं ताबडतोब कळव.

तुझी भिंगरी

दि. २६ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

कळवायला कशाला, येतेच आहे. बाबाही येतायत, त्यांना त्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आपली खुर्ची एकदा बघायची आहे. सुई-दोरा पिशवीत टाकलाय. पायऱ्या चाळीस आहेत ना, मोजत चढेन. तू वर उभी राहा आणि कोटाला हात लावू नकोस, बटण मी लावते.

दोन्ही हातांनी, दोन्ही पायांवर,
तुझी आई