श्रद्धेवर एक पान

४ नोव्हेंबर, सोमवार

नवे फादर कामाचे निघाले. येऊन तीन आठवडे झाले नाहीत, तोवर बालवाडीतल्या सगळ्यांच्या हातात एकेक कोरा कागद. सगळे म्हणजे मुख्याध्यापिका सिस्टर अगाथा, मी आणि स्वयंपाकाच्या मावशी. विषय : 'माझी श्रद्धा'. एक पान, स्वतःच्या अक्षरात, नाताळाच्या आत. बिशपांच्या कचेरीला हवंय म्हणे.

मावशी म्हणाल्या, "मी काय लिहू, फादर? मी भात शिजवते."

"तेच लिहा," फादर लिनो म्हणाले.

वय बत्तीस. गाल अजून पोरासारखे. मावशींचं 'तेच' लिहून भागेल. माझं काय? मी रोज सकाळी वर्गातल्या सात मुलांना हात जोडायला शिकवते, आणि स्वतः अकरा वर्षांत एकदाही मनापासून जोडलेले नाहीत. हे मोत्यासारख्या अक्षरात लिहून बिशपांना पाठवू?

७ नोव्हेंबर

कागद कोराच. अक्षर मात्र तयार आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

मावशी बातमी घेऊन आल्या. पलीकडच्या गावात असेच कागद मागवले होते, आणि जिनं लिहिलं नाही तिला मार्चपासून बोलावलंच नाही. खरंखोटं मावशींनाच ठाऊक. पण माझा करार फेब्रुवारीत संपतो. वय चौपन्न. खाण बंद पडल्यापासून या गावात मुलं कमी नि रिकामी घरं जास्त. दुसरी बालवाडी कुठून आणू?

म्हणून आज बसले. लिहिलं — 'माझी श्रद्धा लहानपणापासून अढळ आहे.' वाचलं. फाडलं. एखादं खोटं बोलता येतं, पण इतकं गुळगुळीत खोटं वाचवत नाही.

१३ नोव्हेंबर

जेवणानंतर प्रत्येक मुलानं एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, ही सिस्टरांची पद्धत. आजची यादी जशीच्या तशी.

रुदा (पाच वर्षांची) : "देवा, मावशींनी आज किमचीत मुळा छोटा कापला, आभार."

दोयुल (सहा) : "माझ्या नव्या जाकिटाची चेन नाकापर्यंत जाते. आभार." आणि नाकापर्यंत लावून दाखवली. उरलेली प्रार्थना आतूनच झाली.

ओन्यू (सहा) : "माझा दात हलतोय. आभार."

दात हलल्याचे आभार तो गेले नऊ दिवस मानतोय. देव असलाच तर कंटाळला असेल.

१९ नोव्हेंबर

हिवाळ्याची किमची, म्हणजे आमचं कोबीचं तिखट लोणचं, घातली. ऐंशी कोबी. मुलांना कोपरापर्यंत हातमोजे. एका पानाला मसाला लावायचा, ते पान शेजाऱ्याच्या तोंडात घालायचं, मग तो तिखटानं नाचतो ते बघायचं — हा कार्यक्रम पुन्हा पुन्हा. फादरही बघायला आले. रुदानं त्यांच्या तोंडात सबंध पान कोंबलं. डोळ्यांत पाणी आलं तरी ते हलले नाहीत. चांगलं वाटलं, असं म्हणाले. चांगलं वाटल्यासारखे दिसले नाहीत.

कागद कोरा.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझ्या नवऱ्याला, ताकसूला, जाऊन अकरा वर्षं.

दरवर्षी या दिवशी मी शाळेत कमी बोलते. मुलांना कळतं, तीही जरा लांब राहतात. चोवीस वर्षं तो खाणीत उतरला. मग फुप्फुसात कोळशाची धूळ, घरात ऑक्सिजनची नळी. दोन वर्षं मी गुडघे सुजेपर्यंत प्रार्थना केली. तो गेला तेव्हा मी देवळात वेदीवर शेवंती लावत होते. कोणीतरी सांगायला आलं. मी उरलेल्या चार काड्या खोचल्या आणि मग उठले. फुलं छान झाली होती, असं सगळे म्हणाले. त्या दिवसानंतर देवाकडे काही मागितलेलं नाही. भांडणसुद्धा नाही. बोलणंच बंद.

तर आज दुपारी मी अशीच गप्प वाढत होते. ओन्यू एकदम ताठ बसला. तोंडात बोट घालून म्हणाला, "बाई, दात गेला."

"कुठे?"

"सूपमध्ये होता. सूप प्यालो."

सातही जणांचे चमचे खाली. आमच्याकडे पडलेला दात छपरावर फेकतात, म्हणजे मॅगपाय पक्षी तो नेतो नि नवा आणून देतो. दातच नाही तर फेकणार काय? मला वाटलं, आता हा रडणार. माझ्याकडे आज कोणाला समजवायची ताकद नव्हती.

दोयुल म्हणाला, "मग ओन्यूलाच छपरावर फेकू."

"जड आहे तो," रुदा म्हणाली. "बाई, तुम्ही पाय धरा."

ओन्यू रडला नाही. पोटावर हात ठेवून विचार करत बसला. मग इतका आनंद त्याच्या तोंडावर पसरला, की मी तरी असा कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. "बाई, आता माझ्या पोटात दात आहे. आता मला चावायला नको. पोटच चावेल."

मी हसले. आधी नाकातून, मग खुर्चीला धरून. मावशी धावत आल्या, त्यांना वाटलं मी रडतेय. थोडं तेही होतं.

शेवटी ओन्यूला अंगणात उभं केलं, आणि सगळ्यांनी छपराकडे बघून पक्ष्याला ओरडून सांगितलं : दात पोटात आहे, तरी नवा पाठव. दोयुलनं पत्ताही सांगितला.

आजच्या तारखेला मी हसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ताकसू, रागावू नकोस. तू असतास तर तूच पाय धरले असतेस.

२७ नोव्हेंबर

पान लिहिलं. पंधरा मिनिटं लागली. दात, चेन, मुळा, कोबीचं पान. एवढंच लिहिलं, की ही मुलं रोज अशी येतात, जणू काल काही वाईट घडलंच नव्हतं, आणि मी दार उघडायला जाते. देवाचं नाव एकदाही नाही. मुद्दाम टाळलं असं नव्हे, त्याची वेळच आली नाही.

फादरांच्या पेटीत टाकून आले. मार्चपासून घरी बसायची तयारी करायला हवी.

८ डिसेंबर, रविवार

आजची मिस्सा. मी नेहमीसारखी मागच्या बाकावर. प्रवचनाच्या जागी फादरांनी एक कागद उलगडला. पहिलंच वाक्य ऐकलं आणि माझे कान पेटले.

नाव सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं? 'मुळा छोटा' म्हणताच अर्धं देऊळ मागे वळलं. ओन्यू आईच्या मांडीवर उभा राहून पोट दाखवत होता. फादरांनी मध्ये एक ओळ दोनदा वाचली. शेवटी म्हणाले, "श्रद्धा म्हणतात ती ही."

बाहेर सगळ्यांनी माझे हात हातात घेतले. मावशींनी डोळे पुसले. खाणीतल्या म्हाताऱ्या जेसोकनी तर सांगितलं, "मोनिकाबाई, तुम्हीच खऱ्या भाविक." मी वाकून आभार मानले. चोरीबद्दल बक्षीस मिळालं तर असंच वाटत असेल.

९ डिसेंबर, सोमवार

सहन होईना. मुलं गेल्यावर सिस्टर अगाथांकडे गेले. त्या मुलांचे ओले मोजे स्टोव्हभोवती वाळत घालत होत्या. उभ्या उभ्या सांगून टाकलं, "सिस्टर, मी मानत नाही. ताकसू गेल्यापासून नाही."

"ठाऊक आहे," त्यांनी मोजा उलटा केला. "मला वाटलं, आज काहीतरी नवं सांगशील."

"मग मला ठेवलंत कशाला?"

"ही गळकी नाकं कोण पुसणार होतं? मी? माझी कंबर बघ." मग म्हणाल्या, "त्याला सांगितलंस का?"

"कोणाला?"

"देवाला. की तू त्याला मानत नाहीस."

"मानत नाही तर सांगू कोणाला?"

"हं," म्हणाल्या, आणि मोज्याची जोडी शोधू लागल्या. एकोणऐंशी वर्षांची बाई. ती माझी थट्टा करत होती की मला कोपऱ्यात घेत होती, अजून कळलेलं नाही.

पण फादरांना सांगायलाच हवं. बिशपांकडे खोटा कागद जायला नको. माझी नोकरी गेली तरी चालेल — नाही, चालणार नाही. तरी सांगायला हवं.

१२ डिसेंबर

फादर गावाला गेलेत. सुटले मी. आणि चिडलेही.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी मुलं यायच्या आधी फादर लिनो स्वतःच वर्गात आले. मी एका दमात सगळं सांगितलं आणि कागद परत मागितला. ते मुलांच्या इवल्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला लागले. "बिशपांनी काही मागवलंच नव्हतं," म्हणाले. "मला दोन वर्षं प्रार्थना जमत नाही, बाई. इतरांना कशी जमते ते वाचायचं होतं. थोडे दिवस इथे येऊन बसू का?" दारात रुदा येऊन उभी होती. मी म्हटलं, बसा, पण बूट बाहेर काढा, आणि आधी हिच्या जाकिटाच्या नाडीची गाठ सोडवा.