निळी पडलेली लसूण

अण्णा, बरणीतली लसूण निळी पडली तेव्हा घरात मी एकटीच होते. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुमच्या नातीनं लग्न ठरवलंय, ऑफिसातल्या एका कोरियन मुलाशी. त्याची आई महिन्याभरात आमच्याकडे धायरीला जेवायला येणार होती. मी म्हटलं, त्यांच्याकडचं लसणीचं लोणचं मी घरी करते. ‘आई, विकत मिळतं ते,’ लेक म्हणाली. ‘मिळू दे,’ मी म्हणाले. किलोभर लसूण सोलली, बोटं चुरचुरली. या लोणच्याला तेल नाही, मोहरी नाही. पाकळ्या आठवडाभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवायच्या, मग सोया सॉस, साखर आणि व्हिनेगर उकळून, गार करून त्यावर ओतायचं आणि तीन आठवडे हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं, तर पाकळ्या मोरचुदासारख्या निळ्या-हिरव्या. टाकून द्यावी तर पुन्हा करायला दिवस उरत नव्हते. वाढावी, आणि त्या बाईंना काही झालं तर?

मला तुमचं कारखान्यातलं कॅन्टीन आठवलं. कामगार जेवायला यायच्या तासभर आधी तुम्ही उभ्यानंच जेवायचात, प्रत्येक भांड्यातलं थोडं थोडं. कॉलेजच्या फॉर्मवर सही घ्यायला मी आले होते तो दिवस. भर उन्हाळा. तुम्ही मटकीच्या उसळीचा घास घेता आणि थांबता. ‘आंबलीय,’ म्हणता. साहेब दारातूनच म्हणतात, ‘अहो, तिखट वाढवा आणि द्या वाढून. पाहुणे आलेत, आज तमाशा नकोय.’ दोघांनी उचलायचं ते पातेलं तुम्ही एकटेच मोरीपर्यंत ओढत नेता आणि उपडं करता. माझ्या चपलांवर उसळ उडते. मी सही न घेताच निघते.

पुढच्याच आठवड्यात तुम्हाला चुलीवरून काढून ताटं विसळायला लावलं, ते थेट निवृत्त होईपर्यंत. त्या संध्याकाळी मी म्हणाले होते, ‘एक दिवस वाढली असती तर काय बिघडलं असतं?’ तुम्ही मान वर केली नाहीत. ‘तुझ्या ताटात वाढू?’ एवढंच विचारलंत. मी ताट सरकवून उठले. मैत्रिणींना मी सांगत राहिले की वडील कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहेत. लग्न ठरताना सासरीही तेच सांगितलं. तुम्ही शेजारीच बसला होतात.

तर, मी एक निळी पाकळी तोंडात टाकली आणि घड्याळासमोर बसले. हातात फोन, त्यावर डॉक्टरांचा नंबर काढलेला. घशाशी जळजळलं की वाटायचं, आलं. दीड तास मी जागची हलले नाही. तेवढ्यात लेक आली.

‘खाल्लीस? आई, वेडी आहेस का? मला फोन करायचास ना!’ तिनं त्या मुलाला लावला, त्यानं त्याच्या आईला. दहा मिनिटं आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या. मग निरोप आला: आंबटात लसूण कधी कधी निळी पडते, आमच्याकडेही होतं, खुशाल खा.

त्या आल्या तेव्हा लोणचं तयार होतं. एक पाकळी उचलून त्यांनी सावकाश चावली. दुसरी घेतली. मग मुलाकरवी विचारलं, हाताला ही चव कुणाची? माझे सासरे समोरच होते. मी म्हणाले, ‘माझ्या वडिलांची. ते कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होते. नंतर तिथंच ताटं धुवायचे.’ सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. ‘इतक्या वर्षांनी कळलं,’ म्हणाले, आणि भात मागितला.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. पण एक गोष्ट लेकीलाही सांगितलेली नाही, अण्णा. ती पाकळी मी पुरती खाल्ली नव्हती. अर्धी बेसिनमध्ये थुंकली होती.