एडविन थॉर्नली यांच्या दगडावर राहिलेली ओळ

मी, श्रीमती भानुमती एडविन थॉर्नली, माहेरची भानुमती दामू शेलार, वय बावन्न, धंदा शिवणकाम, राहणार गुडगाव, हरियाणा, पूर्ण शुद्धीवर असून राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. टाकून बघावा कोणी. पुढच्या आठवड्यात हिंदूराव हॉस्पिटलात माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका. घाबरत नाही, पण मागे भानगड नको. शाळा चौथीपर्यंत. कायद्याचे शब्द वकीलबाई रेवती यांनी सांगितले, बाकीचं माझं आहे आणि ते त्यांनी खोडायचं नाही.

१. माझे पती कै. एडविन थॉर्नली हे विलायतेतले नट. आमचं लग्न तीस हजारी कोर्टात झालं, दाखला कपाटात आहे. लंडनच्या नाटकांत हे भालदार, निरोप्या असली कामं करायचे. एकदा मोठ्या नटाचा घसा बसला म्हणून ह्यांनी राजपुत्र केला, एक आठवडा. तो आठवडा ह्यांना जन्मभर पुरला. तिकडच्या एका सिनेमातही होते, पण नावं पडद्यावर येईपर्यंत मेलेले. मग नाटक कंपनीबरोबर दिल्लीत आले, कंपनी मोडली, बाकीचे परत गेले, हे राहिले. माझे वडील करोल बागेत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पडदा ओढायचे आणि मी नटांचे कपडे शिवायचे. कंपनीचे खेळ त्याच हॉलमध्ये, तिथली ओळख.

हिंदी सिनेमात ह्यांनी कलेक्टर केले, जज्ज केले, जनरल केले. सगळ्यांत मेले. बाँबने, तलवारीने, एकदा हत्तीखाली. घरी आले की विचारायचे, "भानू, मी कसा मेलो?"

"अहो, शर्टावरचा लाल रंग निघत नाही, एवढं दिसलं मला."

२. मी राहते तो फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो कसा मिळाला ते लिहिते, म्हणजे पुढे कोणी गोष्टी रचायला नकोत. नवे चॅनेल आले, जाहिराती आल्या, इथल्या शेतांत टॉवर उभे राहायला लागले, तेव्हा एका बिल्डरने ह्यांना पिवळं हेल्मेट आणि नकाशाची गुंडाळी देऊन रविवारी साइटवर उभं केलं. फॉरेनचे आर्किटेक्ट. बोलायचं काही नाही, नुसतं बोट दाखवायचं. ह्यांनी त्याचीसुद्धा आरशासमोर तालीम केली. "बोट वर दाखवू की लांब?"

मी म्हटलं, "लांब. वर दाखवलंत तर लोक वर बघतील, आणि वर काहीच नाही."

लोकांनी धडाधड बुकिंग केलं. ह्यांच्या कामावर इतका विश्वास लंडनमध्येही कोणी ठेवला नव्हता. बिल्डर खूश, आम्हाला फ्लॅट स्वस्तात. पुढे ताबा लांबला, लिफ्ट आली नाही, पाणी टँकरचं, आणि लोकांनी ह्यांना गेटवर धरलं. शेजारचे जयंत सर्वांत पुढे. "अंकल, आपने तो बोला था!"

"इन्होंने कुछ नहीं बोला," मी म्हटलं. "सिर्फ उंगली दिखाई."

हा फ्लॅट भाची वैभवी हिला द्यावा. तिच्या बापाला, म्हणजे माझा भाऊ दिलीप याला, काही नाही. लग्नात म्हणाला होता, "गोरा एक दिवस विमानात बसेल, मग बस रडत." गोरा माझ्या मांडीवर गेला. गुडगावचे भाव वाढल्यावर मात्र दिलीपला बहीण आठवली. वैभवीने बापाला चहा द्यावा, किल्ली देऊ नये.

३. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच जयंतने करावी. तोंडावर शिव्या दिल्या, पण ह्यांच्या शवपेटीला पहिला खांदा त्याने दिला.

४. माळ्यावर स्टीलचे डबे आहेत, हळदीकुंकवाचं वाण म्हणून घेतलेले. दर संक्रांतीला नवे आणले, न्यायला कोणी आलं नाही. ते सगळे मंडळाच्या प्रभावहिनींना. जानेवारीत मंडळ पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जायचं, तिथल्या नाटकात ह्यांना अब्दाली करायचं. का, तर गोरे आणि उंच. इंग्रजाचा अफगाण चालला, हारतुरे झाले. पण त्याच जानेवारीतल्या हळदीकुंकवाला मला बोलावणं नाही. एकदा विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "अगं, तुझ्या साहेबाला कुंकू कशाशी खातात ते तरी माहीत आहे का?" मी म्हटलं, "तुमच्यांना तरी कुठे माहीत आहे?" आता विधवा झाले, बोलावण्याचा प्रश्नच मिटला. वहिनींनी डबे वाटावेत आणि कोणाचे ते सांगावं.

५. आता मुख्य. हे गेले तेव्हा इंग्रजी पेपरचा माणूस आला. मी चहा दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आपल्यात परक्या पुरुषासमोर बाई उभीच राहते. त्याने काय काय विचारलं, मी आपली "ते, ते" करत सांगत गेले. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही. छापून आलं की शेवटी एका जुन्या मोलकरणीने त्यांची सेवा केली. जयंतने वाचून दाखवलं तेव्हा त्याची मान खाली होती.

ह्यांची पहिल्या बायकोची मुलगी हेलन विलायतेहून आली. पेपर वाचूनच आली होती. कबरीवर दगड बसवला: नाव, साल, नट, हेलनचे वडील. बस. जाताना माझ्या हातात पैशांचं पाकीट ठेवलं. मी ते तिच्या पर्समध्ये परत कोंबलं आणि लग्नाचा दाखला दाखवला. ती "ओ" म्हणाली. दगड तसाच राहिला. पण खोट तिची नाही. ह्यांनी मुलीला कधी माझ्याबद्दल कळवलंच नव्हतं. स्टेजवर कुठकुठल्या राजांची नावं पाठ म्हणणारा माणूस, एक बायकोचं नाव पत्रात लिहायला जमलं नाही. ते मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

हेलनला ह्यांची ट्रंक हवी आहे. राजपुत्राचा कोट, लंडनचे फोटो, जाहिराती, तिकडे कुठल्या म्युझियमला द्यायला. ट्रंक तिला द्यावी, पण आधी तिने त्या दगडावर देवनागरीत एक ओळ कोरून घ्यावी: भानुमतीचा नवरा. बायको म्हणून माझं नाव खाली लटकवायचं नाही. एका वर्षात ओळ कोरली नाही तर ट्रंक मंडळाच्या पोरांना फॅन्सी ड्रेससाठी द्यावी आणि कोट ज्याला बसेल त्याच्या मापाने कापावा.

६. मला निगमबोध घाटावर जाळावं. ह्यांच्या शेजारी जागा नको. ओळ कोरली गेली की वैभवीने ह्यांच्या कबरीपाशी जाऊन एकदा मोठ्याने "एडविन" म्हणावं. हे फार मागे लागायचे, नावाने हाक मार म्हणून. मी कधी मारली नाही. हळदीकुंकवाला बायका "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून मागे लागतात, तेव्हा घेतलं असतं. मला कोणी म्हटलंच नाही. उखाणा नको. नुसतं नाव.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, परत वाचलं, तेच कायम.

सही: भानुमती एडविन थॉर्नली

साक्षीदार (आमच्यासमोर सही केली, चहाही दिला, यावेळी बसून):
१. ॲड. रेवती काळे
२. विनय बोरकर, खालचा मजला

गुडगाव, १२ मार्च २००४