छपरावरचा जावई सूचीतून वगळण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
परंपरा नोंदणी व जतन कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : नोंद क्रमांक ४१, ‘छपरावरचा जावई’, ही प्रथा मुळात अस्तित्वात नसल्याने सूचीतून वगळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्या तिन्हींना मिळून आपले एक उत्तर. ३) नदीपलीकडच्या वस्तीस आलेले आपले पत्र, ‘बदली सासू पुरविणेबाबत’.

महोदय,

१. मी मानवशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका असून माझे वय एकसष्ट आहे. सोयरिकीतल्या रीतिभाती, म्हणजे जावयाने सासूसमोर किती बोलावे, कुठे बसावे, कधी उठावे, हा माझा आयुष्यभराचा अभ्यासविषय. या विषयावर, माझ्या प्रबंधावरूनच केलेले, माझे एक पुस्तक आहे. त्याच्या सत्त्याऐंशीव्या पानावर चौदा ओळींचा एक परिच्छेद आहे. मला पदवी, नोकरी, बढती आणि विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली ती त्या चौदा ओळींवर. आपली नोंद क्रमांक ४१ सुद्धा शब्दशः त्याच चौदा ओळी आहेत. त्यांत लिहिले आहे, की नदीपलीकडच्या वस्तीत जावई सासरी पहिल्यांदा आला की त्याला छपरावर बसवतात आणि सासूने दारातून हाक मारेपर्यंत त्याने खाली उतरायचे नसते.

२. असे काहीही नाही. चौतीस वर्षांपूर्वी मी प्रबंधासाठी त्या वस्तीत राहत होते. तिथले सुतारकाका माझे मुख्य माहितगार. तेविसाव्या दिवशी, भर दुपारी, ते चौकटीला रंधा मारत असताना मी विचारले, की जावई पहिल्यांदा आला की तुमच्याकडे काय करतात. हा प्रश्न मी त्यांना त्याआधी चार वेळा विचारला होता आणि चारही वेळा त्यांनी ‘काय करणार, जेवायला वाढतो’ असे खरे उत्तर दिले होते. पाचव्या वेळी ते म्हणाले, “छपरावर बसवतो.” मी पुढे विचारत गेले, ते सांगत गेले. मला प्रबंधात काहीतरी नवे हवे होते आणि त्यांना जेवायला जायचे होते.

३. माझ्या मागील अर्जांत मी एवढेच लिहिले, की माहितगाराने माझी थट्टा केली. ते अर्धेच खरे होते, म्हणून उरलेले आता लिहिते. त्या दिवसाच्या माझ्या टिपणवहीत उत्तराच्या पुढे कंसात ‘हसतात. काकूही आतून हसतात’ असे माझ्याच अक्षरात आहे. प्रबंधाची सुवाच्य प्रत करताना तो कंस मी गाळला. चुकून नव्हे. पेन उचलले, विचार केला आणि गाळला. मार्गदर्शकांनी त्या परिच्छेदाच्या समासात ‘अप्रतिम’ असे लिहिले, त्यानंतर तो कंस परत घालण्याची हिंमत मला झाली नाही. ही गोष्ट आजवर मी कोणापाशीही बोललेले नाही. आपल्यापाशी बोलण्याचे कारण एवढेच, की आपल्याला लेखी पुरावा लागतो.

४. एकोणीस वर्षांपूर्वी आपले कार्यालय सुरू झाले आणि त्या पुस्तकावरून ही प्रथा सूचीत चढली. सूचीतल्या वस्तीला दिवसातून दोनदा बस मिळते. अट एवढीच, की दर वर्षी तपासनिसांसमोर प्रथेचे प्रात्यक्षिक झाले पाहिजे. ‘परंपरावाहक’ या रकान्यात नाव कोणाचे घालायचे असा प्रश्न आला तेव्हा साहजिकच सुतारकाकांचे घातले गेले, म्हणजे दर वर्षी जावई म्हणून छपरावर बसायचे ते त्यांनीच. काकांना मी तेव्हा विचारले होते, की हे तुम्ही कबूल कसे केले. ते म्हणाले, “बाई, बस येतेय तर येऊ दे. छपरावर बसून कुणाचं काय बिघडलंय?” त्या बसने वस्तीतल्या मुली शाळेत जातात आणि आजारी माणसे दवाखान्यात. काकूंच्या शेवटच्या वर्षातल्या सगळ्या फेऱ्याही त्याच बसने झाल्या.

५. दरम्यान, करायला गेले एक आणि झाले भलतेच, अशी वस्तीची गत झाली. वर्षातून एकदा दिसणारी गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली आणि खऱ्या जावयांना खरोखर वर चढवू लागले. आजवर बावीस जावई बसून झाले. एकाने छत्री नेली, एकाने वरूनच कचेरीचे काम केले, एकाला उंचीची भीती म्हणून ते लग्न मोडता मोडता राहिले. सासवांना ही प्रथा मनापासून आवडते. पाचला हाक मारायची तर त्या पावणेसहाला मारतात. या उशिरावर सध्या एक विद्यार्थिनी प्रबंध लिहीत असून ती परवा माझीच मुलाखत घेऊन गेली. आपले उत्तर असे आहे, की प्रथा एकोणीस वर्षे प्रत्यक्ष पाळली जात असल्याने ती खोटी असू शकत नाही, आणि लेखिका या नात्याने मी हितसंबंधी व्यक्ती असल्याने माझे म्हणणे ग्राह्य नाही.

६. आपण पुरातत्त्वीय पुराव्याचाही दाखला दिला आहे. त्याबाबत नाइलाजाने लिहावे लागते, की तो पुरावा माझ्या यजमानांचा आहे. ते पुरातत्त्वज्ञ आहेत. जमिनीतले खड्डे, विशेषतः लाकूड कुजून गेल्यावर मागे राहिलेले खड्डे, हा त्यांचा विषय. माझे पुस्तक आल्यावर त्यांनी काकांच्या घराच्या भिंतीलगत खोदून दोन खड्डे शोधले, ते कायमच्या शिडीचे ठरवले आणि आतल्या खापरांवरून त्यांचे वय सहाशे वर्षे काढले. प्रत्यक्षात ते काकांनी स्वतः कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी खणले होते. एका ठिकाणी दगड लागला म्हणून दुसरा खणला. बुजवताना भोवतालची जुनी माती आत लोटली गेली आणि तिच्यातली खापरे खड्ड्याचे वय सांगू लागली. काकांनी हे यजमानांना तेव्हाच सांगितले होते. यजमानांनी ते ‘स्थानिक दंतकथा’ म्हणून तळटीपेत दिले. हा अर्ज मी लिहिते आहे हे कळल्यापासून ते माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरते बोलतात, आणि सगळे खापर माझ्यावर फोडून मोकळे झाले आहेत. मी त्यांना दोष देत नाही. एका घरात दोन संशोधक आणि दोघांची कीर्ती एकाच छपरावर, म्हणजे हे कधीतरी व्हायचेच होते.

७. आता अर्जाचे खरे कारण. काकांच्या सासूबाई पूर्वीच वारल्या आहेत. आपल्या नियमावलीत ‘सासू हयात नसल्यास तिच्या लेकीने हाक मारावी’ अशी सोय आहे, म्हणून अठरा वर्षे काकू हाक मारत होत्या. काकू सात महिन्यांपूर्वी गेल्या. काका सत्त्याहत्तर वर्षांचे असून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला आहे. यंदा प्रात्यक्षिकातून सूट द्यावी अशी वस्तीने विनंती केली, त्यावर आपल्याकडून संदर्भ ३ चे पत्र आले. त्यानुसार आवक-जावक विभागातील एका महिला लिपिकाची सासू म्हणून एक दिवसासाठी प्रतिनियुक्ती झाली.

८. गेल्या महिन्यात तालीम झाली, त्या वेळी मी हजर होते. लिपिक बाई भल्या होत्या. पाच वाजता त्यांनी नियमावलीत दिल्याप्रमाणे तीन वेळा हाक मारली आणि नंतर नियमावलीत नसलेल्या शब्दांत सांगितले, की “काका, या ना आता, मला साडेपाचची बस गाठायची आहे.” काका दुसरीकडे बघत बसून राहिले. बस गेली. दिवेलागणीला त्यांनी आपण होऊन पाय शिडीवर टाकला, तिसऱ्या पायरीवर तो घसरला आणि ते अंगणात पडले. हाड मोडले नाही हे नशीब. येत्या बारा तारखेला तपासनिसांसमोरच्या प्रात्यक्षिकात हेच पुन्हा होणार आहे, आणि दर वेळी नशीब कामाला येईलच असे नाही. महोदय, माझ्या एका गाळलेल्या कंसापायी त्या माणसाच्या जिवाचे काही बरेवाईट झाले तर मी काय करायचे, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. मला भीती वाटते.

९. सबब विनंती, की
(अ) नोंद क्रमांक ४१ सूचीतून वगळावी;
(आ) ती माझ्या अप्रामाणिकपणामुळे झाली असल्याने त्याचे परिणाम वस्तीवर लादू नयेत, म्हणजेच बस चालू ठेवावी;
(इ) या अर्जाची एक प्रत माझ्या विद्यापीठाकडे पाठवावी. पदवीचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. मी हरकत घेणार नाही.

आपली, चौथ्या अर्जातही नम्र,

(सही)
निवृत्त प्राध्यापिका, मानवशास्त्र
दिनांक : ३

सोबत : १) टिपणवहीच्या मूळ पानाची छायाप्रत, कंसासह. २) काकांच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांचा दाखला. ३) दोरीच्या खड्ड्यांबाबत काकांचा जबाब, अंगठ्याऐवजी सही, कारण त्यांना लिहिता येते, आपल्या नमुन्यात तशी जागा नव्हती.

ताजा कलम (दिनांक ५) : हा अर्ज पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवणे मला आवश्यक वाटले, म्हणून काल वस्तीवर गेले होते. कंसाचा भाग ऐकून ते म्हणाले, “हसलो तर होतोच. पण सगळंच काही खोटं नव्हतं, बाई.” मग त्यांनी जे सांगितले ते मी चौतीस वर्षांत कधी विचारलेच नव्हते. लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा सासरी गेले, तेव्हा सुतार जावई आयता मिळाला म्हणून सासूबाईंनी त्यांना गळके छप्पर दुरुस्त करायला वर चढवले आणि पाहुण्यांच्या गडबडीत विसरून गेल्या. काका लाजेने वरच बसून राहिले. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी काकूंनीच दारात येऊन हाक मारली, “अहो, या की आता खाली.” त्यांचा आवाज काकांनी ऐकला तो तेव्हा पहिल्यांदा.

तरीही माझी विनंती (अ) कायम आहे. एका माणसाच्या बाबतीत एकदा घडलेल्या गोष्टीला प्रथा म्हणत नाहीत. हे मी पहिल्या वर्गाला तीस वर्षे शिकवले आहे. काकांचेही म्हणणे तेच, की नोंद खुशाल काढा. फक्त बारा तारखेला आपण वर बसणार, असे ते म्हणतात. ते त्या दोघांचे असल्याने त्यात कार्यालयाचा संबंध येत नाही. तरी त्या दिवशी तपासनीस पाठवू नयेत आणि लिपिक बाईंची प्रतिनियुक्ती रद्द करावी. हाक मारायला कोणीही नको, असे त्यांनी मला दोनदा बजावले आहे.

ते किती वाजता उतरतील हे त्यांनाही माहीत नाही. तोवर खाली शिडी धरून मी उभी राहणार आहे. तरी कृपया बारा तारखेला मला सुनावणीस बोलावू नये.