अन्नपूर्णाला वाचून दाखवलेले मृत्युपत्र

मी, लटारू डोमाजी नाकाडे, वय एकाहत्तर, धंदा स्वतंत्र लेखन, राहणार मौजा आंबेटोला, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकदपटशाला न जुमानता, परंतु पत्नीच्या देखरेखीखाली, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलो आहे, पण डोके ठिकाणावर आहे.

नावाबद्दल. माझ्या आधीची भावंडे जगली नाहीत, म्हणून आईने मुद्दाम हलके नाव ठेवले, म्हणजे यमाची नजर पडू नये. आजवर ते कामी आले. एका संपादकाने छापण्यापुरते दुसरे नाव घ्या म्हणून सुचवले होते. मी त्यांना दुसरा लेखक घ्या म्हणून कळवले.

कार्यपद्धतीबद्दल. मी लिहिलेली प्रत्येक ओळ बाहेर जाण्याआधी पत्नी अन्नपूर्णा हिला वाचून दाखवली आहे. ती सुपात काहीतरी निवडत असते, मी वाचतो. तिचा हात थांबला तर मजकूर बरा. "असं कोनी बोलत नाई" म्हणाली, की मी खोडतो. हे मृत्युपत्रही तसेच वाचून दाखवले आहे, त्यामुळे तिचे बोलणे यात जागोजागी शिरले आहे. ते मजकुराचाच भाग समजावे. वकीलसाहेबांनी नाक मुरडले, पण त्यांची बायकोही घरी आहेच.

कलम १. माझी कमाई. राईस मिलमधली कारकुनी सोडून मी लिहायला बसलो तेव्हा वडील म्हणाले, "लिवून कोनाचं पोट भरते बे?" पोट भरले, ढेकर मात्र क्वचितच आला. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरे, लेकी माहेरी येत, आणि धान कापलेल्या बांधीत नाटकाचा मंडप पडे. वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी मी ती नाटके लिहिली. धानाच्या तणसावर बसलेली माणसे रडू लागली, की मी मंडपामागे उभा राहून मोजकेच हसत असे. त्यासारखे सुख पुढे कशात मिळाले नाही.

होळीनंतर नाटके संपत. मग लग्नपत्रिका, चंद्रपूर आकाशवाणीवरची भाषणे, वर्तमानपत्रांतल्या बातम्या. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याला सुरक्षेच्या घोषणा लिहून दिल्या. एकदा एकाच निवडणुकीत दोन्ही उमेदवारांची भाषणे मीच लिहिली. पडलेल्याचे भाषण सरस होते. सूरजागडच्या खाणीवर लिहिलेला लेख कोणी छापला नाही. तो मुलगी नीलिमाने जपावा, कारण माझ्या सगळ्या लिखाणात तोच चांगला, असे तिच्या आईचे मत आहे.

कलम २. नाटकांचे हक्क आणि बाजाची पेटी. ही दोन्ही नटवर्य मुखरू भोयर, राहणार वडसा, यांना द्यावीत. मुखरू आणि मी एका ताटात जेवलेलो. माझ्या सर्वांत करुण नाटकात तो बाप होऊन मेला, मुलगा त्याच्या छातीवर पडून हंबरडा फोडत होता, आणि हा मेलेला बाप उठून पाणी प्याला. पुन्हा झोपला. मंडप हसून लोळला. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. म्हणून पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती: मरणाच्या प्रसंगात मुखरूने मेलेलेच राहावे.

अन्नपूर्णा म्हणाली, "लोकायले त्या नाटकातलं तेवढंच तर ध्यानात हाय."

अट काढली आहे. हे कलम मुखरूला आधीच कळवावे, म्हणजे त्याला ऑपरेशनपूर्वी येऊन भेटता येईल. मला त्याची फार आठवण येते.

कलम ३. मोह. आमच्या बांधावरच्या मोठ्या मोहाची फुले वेचण्याचा हक्क शेजारच्या पाड्यावरील मंगलीबाई हलामी यांच्या घराचा आहे. बांध आमचा, फुले त्यांची, असे आजोबांपासून चालत आले आहे. सातबाऱ्यावर हे कुठेच दिसणार नाही, म्हणून इथे लिहिले. बांध कोणाच्याही नावे गेला, तरी फुले वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा मंगलीबाईच झाडतील.

कलम ४. सायकल आणि मासे धरायचे गळ जावयाला. दर रविवारी तळ्यावर बसून मला नाटकांचे संवाद सुचत, मासे क्वचित लागत. जावयाचे उलट व्हावे.

कलम ५. घर. मुलगा आदेश नागपूरला नोकरीला आहे. पोरगा गुणी आहे. आईसाठी त्याने एक खोली रंगवून ठेवली आहे. त्याचे म्हणणे, माझे काही बरेवाईट झाले तर आई खेड्यात एकटी कशी राहील? मलाही ते पटले. म्हणून पहिल्या मसुद्यात लिहिले होते: माझ्या पश्चात घर विकावे आणि अन्नपूर्णाने आदेशकडे राहावे. हे वाचले तेव्हा तिने सूप खाली ठेवले.

"हे तुमी लिवलं का पोरानं?"

"दोघायनं मिळून."

"मले कोनी इचारलं?"

"इचारासाठीच तर वाचून राह्यलो. एकटी कशी राहशीन तू?"

"तुमी नाटकाच्या मागं हिंडत होते, तवा मी कोनासंगं राहत होती? लेकरं, गाय, धानाचा रोवना, समदं इथीच केलं मी. नागपुरात खिडकीतून गाड्या पाह्यत बसू का?"

तिथेच मी ते कलम खोडले. सबब दुरुस्ती केली: राहते घर, परसबाग व विहीर पूर्ण मालकीने अन्नपूर्णाची. तिच्या मर्जीवाचून कोणी विकू नये, विकण्याची गोष्टही तिच्यासमोर काढू नये. आदेशने रागावू नये. त्या खोलीत आईला पाहुणी म्हणून न्यावे आणि ती म्हणेल त्या दिवशी परत आणून सोडावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीलिमाने करावी; ती भावाशी भांडू शकते आणि भांडून जेवायलाही बसवते.

दुरुस्त कलम काल तिला पुन्हा वाचून दाखवले: "माझ्या पश्चात अन्नपूर्णा हयात असेपर्यंत याच घरात राहील." ती लाखोळीची डाळ निवडत होती. हात थांबला. मला वाटले, वाक्य जमले.

मग तिने विचारले, "आन तुमी?"

जन्मभर मी दुसऱ्यांच्या तोंडी वाक्ये घातली. हिला द्यायला एकही सापडले नाही. ‘माझ्या पश्चात’ हे शब्द मी पहिल्या मसुद्यापासून वाचत आलो होतो. आम्ही दोघांनी ते काल पहिल्यांदा ऐकले. कागद बाजूला ठेवून मी तिच्याजवळ लाखोळी निवडत बसलो. कलम आहे तसेच ठेवले आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. ऑपरेशनवरून धड परत आलो, तर हेच कायम राहील, फक्त वाचून दाखवणार नाही.

ठिकाण: आंबेटोला
दिनांक: २७ मार्च २०२५

सही: लटारू डोमाजी नाकाडे

आमच्यासमोर लटारूभाऊंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:

१. संघप्रिया रामटेके, शिक्षिका, कुरखेडा
२. प्रवीण उसेंडी, शेती, आंबेटोला

(मिळकत मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. सबब अन्नपूर्णाची सही घेतलेली नाही. सह्या होईपर्यंत ती माझ्या शेजारी बसून होती.)